जुन्या मोटारींची योग्यता-तपासणी : कोल्हापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

रस्त्यावर येणारे वाहन रस्त्यास लायक आहे किंवा नाही हे ठरविण्याचा अधिकार शासनाने विसाव्या शतकात क्रमाक्रमाने आपल्याकडे घेतला. हा अधिकार वापरताना जुन्या मोटारी कोणत्या कारणांनी नापास होतात, या प्रश्नाचे उत्तर केवळ यंत्रशास्त्रात सापडत नाही. त्यासाठी कायद्याचा आणि कारागिरीचा इतिहास पाहावा लागतो. प्रस्तुत लेखात या कारणांचे झीज, काळाचे अंतर आणि ओळख असे तीन वर्ग केले असून, कोल्हापूरसारख्या यंत्रकारागिरीच्या शहरात हे तिन्ही वर्ग परस्परांत कसे गुंततात याचा विचार केला आहे. ज्या दुरुस्तीने मोटार चालती राहिली, तीच दुरुस्ती पुढे कागदोपत्री दोष ठरते, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपती घराण्यातील मंडळी जुन्या मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतात. शमीपूजनासाठी जमलेला जनसमुदाय या मोटारीकडे आदराने आणि कुतूहलाने पाहतो. जर्मनीतील फ्रीडरिक्सहाफेन येथील मेबॅक कारखान्याने १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच्या काळापर्यंत सुमारे १,८०० मोटारी तयार केल्या. त्यानंतर कित्येक दशके या नावाची मोटार निघालीच नाही. अशा मोटारीचा एखादा भाग निकामी झाला, तर तो बाजारातून विकत आणणे जवळजवळ अशक्य असते. तो दुरुस्त तरी करावा लागतो, नाही तर नव्याने घडवावा लागतो.

संस्थानी वैभवाची साक्ष देणाऱ्या मोटारींविषयी मराठीत हौसेने लिहिले गेले आहे. मात्र त्या आणि त्यांच्या मागून आलेल्या फियाट, अँबॅसिडर, जीप या मध्यमवर्गीय व ग्रामीण मोटारी कायद्याच्या कसोटीवर कशा उतरतात, याकडे इतिहासाच्या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. सामान्य बोलीत या कसोटीला ‘पासिंग’ म्हणतात. गाडी पासिंगला न्यावयाची म्हणजे ती मोटार वाहन निरीक्षकासमोर उभी करावयाची, तिच्या चेसिसवरील क्रमांकाचा पेन्सिलने ठसा घ्यावयाचा, दिवे, ब्रेक, स्टिअरिंग दाखवावयाचे आणि निर्णयाची वाट पाहावयाची. साध्या दिसणाऱ्या या व्यवहारामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

तपासणीच्या कायद्याची जडणघडण

भारतात मोटारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या. प्रारंभी शासनापुढे प्रश्न होता तो मोटारींची ओळख पटविण्याचा आणि चालकावर जबाबदारी निश्चित करण्याचा. १९१४ चा भारतीय मोटार वाहन कायदा हा ब्रिटिश हिंदुस्थानासाठी केलेला पहिला व्यापक कायदा होय. नोंदणी व चालकाचा परवाना ही त्याची मुख्य अंगे होती, आणि तपशिलाचे नियम करण्याचे काम बव्हंशी प्रांतिक सरकारांकडे होते.

पुढे मोटार हे हौसेचे साधन न राहता प्रवासी व माल यांच्या वाहतुकीचे साधन झाले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परिवहन वाहनांसाठी योग्यता प्रमाणपत्राची व्यवस्था केली. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. भाड्याने चालणाऱ्या बसची वा ट्रकची योग्यता हा सार्वजनिक प्रश्न मानला गेला, तर खासगी मोटारीची निगा हा मुख्यतः मालकाच्या विवेकाचा विषय राहिला. भाडे देऊन बसणाऱ्या प्रवाशाला वाहनाची पारख करण्याची संधी नसते, म्हणून ती पारख त्याच्या वतीने शासनाने करावी, हा विचार त्यामागे होता.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने, जो १ जुलै १९८९ पासून अमलात आला, खासगी मोटारीलाही या चौकटीत घेतले. या कायद्यानुसार परिवहनेतर वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर वाहन तपासून घेऊन तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते, आणि मुदत संपलेले वाहन नूतनीकरणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी टायर, ब्रेक, स्टिअरिंग, काचा, दिवे, भोंगा, सायलेन्सर आणि धूर यांविषयी स्वतंत्र नियम घालून दिले. जुन्या मोटारीच्या मालकाला तेव्हापासून दर पाच वर्षांनी आपली मोटार रस्त्यास लायक असल्याचे सिद्ध करावे लागते.

इंग्लंडमधील घडामोडी या संदर्भात उद्बोधक आहेत. तेथे १९६० साली खासगी मोटारींची नियतकालिक तपासणी सुरू झाली. आरंभी ती दहा वर्षांहून जुन्या मोटारींपुरती होती आणि ब्रेक, स्टिअरिंग व दिवे एवढ्याच बाबी पाहिल्या जात. १९६७ पर्यंत ही वयोमर्यादा तीन वर्षांपर्यंत खाली आली आणि १९६८ मध्ये टायरची भर पडली. मोटार थांबते का, वळते का आणि अंधारात दिसते का, हे तीन प्रश्न कोणत्याही तपासणीचा गाभा असल्याचे या क्रमावरून स्पष्ट होते. बाकीच्या बाबी कालांतराने जोडल्या गेल्या.

कोल्हापूरची पार्श्वभूमी

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी तत्कालीन मुंबई राज्यात विलीन झाले. तत्पूर्वी येथे आलेल्या मोटारी प्रामुख्याने दरबार, सरदार-जहागीरदार आणि मोजके व्यापारी यांच्याकडे होत्या. विलीनीकरणानंतर या मोटारींपैकी काही विकल्या गेल्या, काही मोडीत निघाल्या, तर काही वाड्यांच्या आवारात उभ्या राहिल्या. संस्थानी काळातील कागदपत्रे आणि विलीनीकरणोत्तर नोंदणी यांचा सांधा नीट जुळणे हा पुढे अशा मोटारींच्या बाबतीत कळीचा मुद्दा ठरला.

दुसरा प्रवाह युद्धोत्तर काळातील. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या जीपगाड्या नागरी वापरात आल्या. पाठोपाठ महिंद्र कंपनीने भारतात जीपची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९७० च्या दशकात तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसिडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि २०१४ पर्यंत तयार होत राहिली. घाटरस्ते, ऊस आणि साखर कारखाने यांच्या या जिल्ह्यात जीप हे ग्रामीण पुढारपणाचे आणि शेतीव्यवहाराचे वाहन झाले, तर शहरातील डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्या दारात फियाट आणि अँबॅसिडर दिसू लागल्या.

तिसरी बाब कारागिरीची. कोल्हापुरात ऑइल इंजिन, उसाचे चरक आणि त्यांचे सुटे भाग घडविण्याचा व्यवसाय वाढला. शिवाजी उद्यमनगरातील लेथ, ओतकामाच्या भट्ट्या आणि वेल्डिंगची दुकाने यांतून एक मोठा कारागीरवर्ग तयार झाला. पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींतून वाहन उद्योगासाठी ओतीव भाग मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या काळात परदेशी मोटारीचा भाग मिळविण्यापेक्षा तो घडवून घेणे सोपे होते. नमुना पाहून बुश कातून देणे, सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसविणे, झिजलेल्या शाफ्टवर धातू चढवून तो पुन्हा मापात आणणे ही येथील नित्याची कामे होती. जुन्या मोटारींचे आयुष्य लांबले ते या हातांमुळे.

नापास होण्याची कारणे : झीज

तपासणीत आढळणाऱ्या दोषांचा पहिला वर्ग झिजेचा. हे दोष खरोखर धोकादायक असतात आणि त्यांना वयाची सबब देता येत नाही.

ब्रेकचा दोष सर्वांत महत्त्वाचा. १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत बहुसंख्य मोटारींना पुढील चाकांवर ब्रेक नसत. नंतर चारही चाकांवर ब्रेक आले, तरी अनेक मोटारींत ते सळ्या वा तारा यांनी ओढले जात. फोर्ड कंपनीने द्रवदाबाचे ब्रेक १९३९ मध्ये स्वीकारले. सळ्यांच्या ब्रेकमध्ये प्रत्येक सांधा झिजतो आणि चारही चाकांवरील ओढ समान राहत नाही, त्यामुळे ब्रेक दाबताच मोटार एका बाजूला खेचली जाते. द्रवदाबाच्या ब्रेकमध्ये दोष निराळा असतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे मास्टर सिलिंडर व व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि रबरी वॉशर तेल धरीनासे होतात. जी मोटार वर्षातून दोन-चार वेळाच बाहेर निघते, तिच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. उभी असलेली मोटार सुरक्षित राहते हा समज चुकीचा आहे.

वेग दुप्पट झाला तर थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते, हा साधा नियम येथे ध्यानात ठेवावा लागतो. तासाला तीस-चाळीस किलोमीटर वेगाच्या रस्त्यांसाठी पुरेसे असलेले ब्रेक पुणे–बंगळूर महामार्गावर अपुरे ठरतात. आंबा, करूळ किंवा फोंडा घाट उतरताना ड्रम तापून ब्रेकची पकड कमी होते. सपाट जागेवर घेतलेल्या चाचणीत हा दोष प्रकट होईलच असे नाही. परिवहन वाहनांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने ब्रेक-चाचणीसाठी २५० मीटर लांबीच्या मार्गाचा आग्रह धरला, त्यामागे तपासणी प्रत्यक्ष चालवून व्हावी, ती नजरेपुरती राहू नये, हाच हेतू होता.

स्टिअरिंगचा ‘प्ले’ हा दुसरा दोष. चक्र काही अंशांपर्यंत फिरूनही चाक हलत नसेल, तर स्टिअरिंग बॉक्स, टाय-रॉडचे सांधे किंवा किंगपिन व त्यांचे बुश झिजलेले असतात. ग्रीस वेळेवर न भरणे हे त्याचे नेहमीचे कारण. चाक जमिनीवरून उचलून हाताने हलविले की किंगपिनमधील सैलपणा लगेच कळतो, आणि अनुभवी निरीक्षक प्रथम तेच करतो.

तिसरा दोष गंजाचा. राधानगरी–गगनबावडा पट्ट्यातील पावसात चालणाऱ्या मोटारींच्या तळपत्र्यात, दारांखालच्या पट्टीत आणि स्प्रिंगच्या आधारांपाशी पाणी व चिखल साठून राहतो. स्वतंत्र चेसिस असलेल्या जीपमध्ये पत्रा गंजला तरी सांगाडा शाबूत राहू शकतो. फियाट आणि अँबॅसिडर यांच्यात मात्र पत्र्याचा सांगाडा हाच आधार असल्यामुळे तळ गंजणे म्हणजे मोटारीचा कणा कमकुवत होणे होय. अशा ठिकाणी वरून लांबी आणि रंग लावून दोष झाकला जातो. टायरचेही असेच आहे. कमी चाललेल्या टायरची नक्षी पूर्ण दिसते, पण रबर कडक होऊन बाजूंना भेगा पडलेल्या असतात.

दिव्यांचे दोष वरवर किरकोळ वाटतात, तथापि तपासणीत ते वारंवार आढळतात. परावर्तकाचा मुलामा उडालेला असणे, अर्थिंगच्या जोडावर गंज चढणे आणि कापडी वेष्टनाच्या जुन्या तारा ठिसूळ होणे ही त्याची कारणे होत. जुन्या मोटारींतील डायनॅमो इंजिन मंद चालत असताना पुरेशी वीज देत नाही, त्यामुळे चौकात थांबलेल्या मोटारीचे दिवे मंदावतात.

नापास होण्याची कारणे : काळाचे अंतर

दुसऱ्या वर्गातील दोष झिजेमुळे उद्भवत नाहीत. मोटार आधी बनली आणि नियम नंतर झाला, एवढेच त्यांचे कारण असते. वळण्याची खूण करण्यासाठी अनेक जुन्या मोटारींच्या बाजूच्या खांबातून एक छोटा हात बाहेर येत असे. तो उत्तम स्थितीत असला, तरी आजच्या नियमांना अपेक्षित असलेला पिवळसर उघडझाप करणारा दिवा तो नव्हे. युद्धकालीन जीपचे विजेचे यंत्रण सहा व्होल्टचे असल्याने तिच्या दिव्यांचा प्रकाश आजच्या मानाने क्षीण असतो. या जीपगाड्या डाव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या होत्या. १९८८ च्या कायद्याने असे वाहन सरसकट बाद केले नाही. विहित प्रकारचे यांत्रिक वा विद्युत् संकेतसाधन चालू स्थितीत असल्यास ते चालविण्यास मुभा दिली. धोका ओळखून त्यावर नेमका उपाय सांगण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

धुराच्या बाबतीतही कायद्याने काळाची पायरी मान्य केलेली दिसते. भारत स्टेज दोनपूर्वीच्या पेट्रोल मोटारींना मंद चालीत कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्के मर्यादा आहे, तर भारत स्टेज चारच्या मोटारींना ती ०.३ टक्के आहे. म्हणजे जुन्या कार्ब्युरेटरकडून नव्या इंजिनाची अपेक्षा केलेली नाही. तरीही जुन्या मोटारी या चाचणीत नापास होतात त्या बहुधा झिजलेली जेट, चुंबून बसलेला चोक, कोंदलेला एअर फिल्टर किंवा पिस्टन रिंगमधून जळणारे तेल यांमुळे. म्हणजेच दोष काळाच्या अंतराचा वाटला, तरी मुळात तो निगेचा असतो.

इंधनातील बदलांनी या प्रश्नाला वेगळे वळण दिले. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले. जुन्या इंजिनांतील मऊ व्हॉल्व्ह-सीटना शिशाचे संरक्षण मिळत असे. ते नाहीसे झाल्यावर कठीण धातूच्या सीट बसविण्याचे काम कारागिरांकडे आले. अलीकडे पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपातील पडदे यांना मानवत नाही. ते फुगतात वा तडकतात आणि इंधनाची गळती सुरू होते. ज्या कोल्हापूर जिल्ह्यातील साखर उद्योगाला इथेनॉलने नवे उत्पन्न दिले, त्याच जिल्ह्यातील जुन्या फियाटच्या नळ्या त्यामुळे बदलाव्या लागतात. इंधनगळती हा आगीचा धोका असल्याने ती दुरुस्त केल्याशिवाय मोटार लायक मानता येणार नाही.

नापास होण्याची कारणे : ओळख आणि कागद

तिसरा वर्ग सर्वांत गुंतागुंतीचा आहे. मोटार उत्तम चालते, ब्रेक लागतात, दिवे लागतात, तरी ती अडते. कारण नोंदणी पुस्तकातील चेसिस वा इंजिन क्रमांक आणि प्रत्यक्ष मोटारीवरील क्रमांक जुळत नाहीत. अनेक जुन्या मोटारींवर क्रमांक रिव्हेटने ठोकलेल्या पट्टीवर असे. गंजलेला पत्रा बदलताना ती पट्टी हरवली की मोटारीची ओळख हरवते. क्रमांक गंजाने पुसट झाला आणि कोणी तो सदिच्छेने पुन्हा ठोकला, तरी संशयाला जागा राहते, कारण चोरीचे वाहन लपविण्याची रीतही हीच असते. निरीक्षकाची सावधगिरी येथे अनाठायी म्हणता येत नाही.

इंजिन बदलाचा प्रश्न कोल्हापूरच्या ग्रामीण भागात विशेष जाणवतो. डिझेल स्वस्त असल्याने पेट्रोलवरील असंख्य जीपगाड्यांत आणि अँबॅसिडरमध्ये डिझेल इंजिने बसविली गेली. ही जोडणी सोपी नव्हती. इंजिनाचे पाय, गिअरबॉक्सची जोडपट्टी, रेडिएटर, सायलेन्सर सारेच नव्याने बसवावे लागे. १९८८ च्या कायद्याच्या मूळ तरतुदीत नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने फेरफार करता येत असे. २००० सालच्या दुरुस्तीने ही तरतूद कडक केली : उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत असा फेरफार करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे मांडला. ज्यांनी त्या त्या काळी फेरफाराची नोंद करून घेतली, ते सुरक्षित राहिले. ज्यांनी ती केली नाही, त्यांच्या मोटारी चालत राहिल्या, पण कागदावर त्या दुसऱ्याच मोटारी होत्या.

दुरुस्ती आणि मूळपण

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने यांत येतात. चेसिस, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक, नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत अशी या व्यवस्थेची रूपरेषा आहे. अशी मोटार प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती अशा प्रयोजनांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याचा किंवा व्यापारी वापर वर्ज्य आहे. जुन्या मोटारीला नव्याची कसोटी लावू नये, हे तत्त्व या नियमांनी प्रथमच स्पष्टपणे मान्य केले आणि त्याचे स्वागत केले पाहिजे.

तथापि ‘मूळ स्वरूप’ या संकल्पनेत एक अडचण आहे. ज्या देशात सुट्या भागांची आयात कित्येक दशके दुर्घट होती, तेथे पन्नास वर्षे चालत राहिलेली मोटार पूर्णतः मूळ कशी असेल? कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली मोटार बहुधा न वापरलेली मोटार असते. वापरली गेलेली मोटार कोणी तरी जिवंत ठेवलेली असते, आणि ती ठेवताना तिचे भाग बदललेले असतात. उद्यमनगरातील लेथवर कातलेला किंगपिन मूळ मापाचा असेल, तर तो मूळपणाचा भंग मानावयाचा की जतन? सळ्यांचे ब्रेक काढून द्रवदाबाचे बसविले, तर मोटार अधिक सुरक्षित होते, पण मूळ स्वरूपापासून दूर जाते. सुरक्षिततेची कसोटी एक उत्तर देते आणि वारशाची कसोटी दुसरे. नियमांत ‘मोठा फेरफार’ असे म्हटल्यामुळे लहान दुरुस्तीला वाव आहे. परंतु दोहोंमधील रेषा कोठे ओढावयाची हे ठरविण्यासाठी त्या मोटारीच्या दुरुस्तीचा इतिहास हाती असावा लागतो, आणि नेमका तोच लिहिलेला नसतो.

पन्नास वर्षांच्या या रेषेच्या अलीकडे असलेल्या मोटारींची स्थिती आणखी बिकट आहे. १९८० च्या दशकातील पद्मिनी किंवा अँबॅसिडर व्हिंटेज नाही आणि नवीही नाही. तिला दर पाच वर्षांनी सामान्य नूतनीकरणाच्या वाटेनेच जावे लागते. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. मुंबईत पद्मिनी टॅक्सींचे युग वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. राजघराण्यांच्या मोटारींना संग्रहालये आहेत, तर मध्यमवर्गाच्या मोटारी पन्नाशीला पोहोचण्यापूर्वीच मोडीत निघण्याचा संभव आहे. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ही हानी लहान नाही.

अन्य देशांतील मार्ग

ब्रिटनने मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठा फेरफार न झालेल्या मोटारींना वार्षिक तपासणीतून मोकळे केले. मोटार रस्त्यास लायक ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावरच राहिली. जर्मनीने १९९७ मध्ये तीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी वेगळी क्रमांकपट्टी आणली. तेथे तज्ज्ञ मोटारीचे मूळपण तपासतो, आणि सुरक्षिततेची नियमित तपासणीही चालू राहते. ब्रिटनचा मार्ग मालकाच्या विवेकावर विसंबतो, जर्मनीचा तज्ज्ञाच्या अहवालावर. भारताने मूळपणाची अट घातली आणि वापर मर्यादित केला.

या तिन्हींपैकी जर्मनीची पद्धत अधिक विचार करण्याजोगी वाटते. कारण तीत सुरक्षितता आणि मूळपण हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात. एका प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरले जात नाही. केवळ मूळ आहे म्हणून ब्रेक न लागणारी मोटार रस्त्यावर येऊ नये, आणि केवळ किंगपिन कोल्हापुरात घडविला म्हणून सुस्थितीतील मोटार बाद होऊ नये.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. जुन्या मोटारींच्या नापास होण्याची जी कारणे एकाच यादीत लिहिली जातात, ती एकाच जातीची नाहीत. ब्रेक, स्टिअरिंग, गंज, टायर आणि इंधनगळती हे दोष कोणत्याही वयाच्या मोटारीत अक्षम्य आहेत आणि त्यांत सवलत देणे हे मालकाच्याही हिताचे नाही. संकेतहात, मंद दिवे, डावे स्टिअरिंग ही काळाची अंतरे आहेत. त्यांना पूरक साधन आणि मर्यादित वापर हा योग्य उपाय आहे. क्रमांक व कागद यांतील विसंगती हा मात्र इतिहासाचा प्रश्न असून, त्याचे उत्तर पुराव्यानेच द्यावे लागेल.

हा पुरावा निर्माण करण्याचे काम शासन एकटे करू शकणार नाही. मोटारमालकाने प्रत्येक दुरुस्तीची दिनांकासह नोंद, काढलेल्या भागाचे छायाचित्र आणि कारागिराचे बिल जपून ठेवले, तर ‘मूळ स्वरूप’ म्हणजे काय हे ठरविणाऱ्या समितीला आधार मिळेल. कोल्हापूरच्या बाबतीत संस्थानी दफ्तरांतील वाहनखरेदीच्या नोंदी आणि उद्यमनगरातील वयोवृद्ध कारागिरांच्या आठवणी ही दोन साधने उपलब्ध होऊ शकतात. इतिहास आणि अभियांत्रिकी या दोन्ही विषयांच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांचे संकलन केल्यास एक चांगला स्थानिक प्रकल्प उभा राहील. लेथवर काम करणारी पहिली पिढी आता थकली आहे. कोणत्या मोटारीचा कोणता भाग कोणी, कोणत्या धातूचा आणि कशाच्या नमुन्यावरून घडविला, हे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्याकडून हे आताच लिहून घेतले नाही, तर पुढील तपासणीत निरीक्षकासमोर केवळ न जुळणारा क्रमांक उरेल आणि त्याचे स्पष्टीकरण देणारे कोणी नसेल.